घटस्फोट घेताना: सही करण्याआधी विचारायचे कायद्याचे प्रश्न

महाराष्ट्रात आजही अनेक ठिकाणी शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांकावर नवरा-बायकोच्या आणि चार पंचांच्या सह्या घेतल्या जातात, खाली नोटरीचा शिक्का बसतो आणि फारकत झाली असे दोन्ही घरे धरून चालतात. कायद्याच्या दृष्टीने त्या दोघांचे लग्न तसेच कायम असते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे हे खरे. परंतु आपल्या समाजात अशी रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते आणि ते बहुतेकांना जमत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते रद्दबातल ठरते, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा अंगावर येऊ शकतो. याची झळ बहुधा बाईलाच बसते. दुसऱ्या नवऱ्याच्या पश्चात निवृत्तिवेतनाचा किंवा वारसाचा प्रश्न निघाला की तिचे लग्नच खोटे होते असे दीर-जावा म्हणू लागतात, आणि तो नोटरीचा कागद तेव्हा तिच्या कामी येत नाही.

उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच रूढ आहे. लग्नाची नोंदणी केली नव्हती, त्यामुळे घटस्फोटाची गरजच नाही, असे सांगणारे अनेक भेटतात. विधिपूर्वक लागलेले लग्न नोंदणी नसली तरी वैधच असते. लग्नपत्रिका, फोटो आणि शपथपत्र यांच्या आधारे ते दाखवता येते आणि त्यातून बाहेर पडायचे तर न्यायालयातच जावे लागते.

कोणता कायदा, कोणते न्यायालय

हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो, त्यामुळे बौद्ध पद्धतीने झालेल्या लग्नाचा अर्जही याच कायद्याखाली दाखल होतो. विवाह नोंदणी अधिकाऱ्यासमोर विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झाले असेल तर त्या कायद्याची कलमे लागतात. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम कुटुंबांसाठी वेगळे कायदे आहेत. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयातून विवाह मोडून घेता येतो, आणि २०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द व दंडनीय ठरवला आहे. पुढील विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्याचे आहे. पोटगीचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा भाग मात्र सर्वधर्मीयांना उपयोगी पडेल.

अर्ज कुठे करायचा, हे कलम १९ ठरवते. लग्न जिथे लागले ते ठिकाण, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले ते ठिकाण किंवा समोरची व्यक्ती सध्या राहते ते ठिकाण, यांपैकी कोणत्याही एका ठिकाणच्या न्यायालयात अर्ज चालतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती स्वतः राहते तिथेही, म्हणजे बहुतेक वेळा माहेरच्या गावी, अर्ज करता येतो. मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे असे न्यायालय नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे प्रकरण चालते. पतीने दूरच्या जिल्ह्यात दावा लावला असेल तर तो आपल्या जिल्ह्यात वर्ग करून घेण्यासाठी पत्नी उच्च न्यायालयात जाऊ शकते, आणि दावा दुसऱ्या राज्यात असेल तर सर्वोच्च न्यायालयात.

खर्चाबद्दल महिलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार घटस्फोट, पोटगी, मालमत्तेचे वाद आणि हिंसाचार या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला न्यायालय शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठीही स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील कार्यालयात साधा अर्ज द्यावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

संमतीने की लढून

लग्नाला एक वर्ष होण्यापूर्वी घटस्फोटाचा अर्ज सहसा घेतला जात नाही. अपवादात्मक हालअपेष्टा किंवा टोकाचे वर्तन दाखवून परवानगी मागता येते. फसवणुकीने झालेले लग्न कलम १२ खाली रद्द करून घेण्याचा मार्ग वेगळा आहे, पण त्यासाठी फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत वाट बघण्यात, बैठका घेण्यात आणि 'पोरगा सुधारेल' या आशेवर निघून जाते.

परस्पर संमतीच्या अर्जासाठी, म्हणजे कलम १३ ब साठी, दोघे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. वेगळे राहणे म्हणजे वेगळ्या छपराखालीच राहणे नव्हे. शहरातल्या भाड्यापायी एकाच फ्लॅटमध्ये पण पती-पत्नीचे नाते न ठेवता राहिलेली जोडपीही यात बसतात. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर राहून संमती कायम असल्याचे सांगायचे, असा क्रम आहे. अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सहा महिने माफ करता येतात असे ठरवले. त्यासाठी पहिल्या अर्जापूर्वीच दीड वर्षाचे वेगळेपण पूर्ण झालेले असावे, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुले वगैरे सर्व बाबी खरोखर मिटलेल्या असाव्यात. अर्ज केला की सूट मिळतेच असे नाही, आणि वकिलाने तशी हमी दिली तर त्या हमीकडे संशयानेच पाहावे.

समोरच्याची संमती नसेल तर कलम १३ मधील कारण सिद्ध करावे लागते: क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, बरा न होणारा मानसिक आजार इत्यादी. 'आमचे पटत नाही' किंवा 'संसारात आता काही उरले नाही' हे या कलमातले कारण नव्हे. पूर्णपणे मोडलेल्या विवाहाला त्या कारणावरून घटस्फोट देण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. त्याच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये तो स्पष्ट केला. त्या निकालाची बातमी वाचून कौटुंबिक न्यायालयाकडून तशीच अपेक्षा करणाऱ्यांची निराशा ठरलेली असते.

पुराव्यासाठी व्हॉट्सॲपचे संदेश, बँकेची विवरणे, दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. मोबाइलमधील मजकुरासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे फोन विकू नये किंवा फॉरमॅट करू नये. पती-पत्नीपैकी एकाने गुपचूप केलेले संभाषणाचे ध्वनिमुद्रण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. अर्थात असे मुद्रण करणाऱ्याचे स्वतःचे बोलणेही न्यायाधीश ऐकतात.

समन्स न घेण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. पोस्टमनला किंवा बेलिफाला परत पाठवले म्हणजे दावा थांबत नाही. समन्स नाकारले हीच बजावणी धरली जाते आणि एकतर्फी हुकूम होतो. तो रद्द करून घेण्यासाठी साधारणतः तीस दिवसांचीच मुदत असते. पतीने कलम ९ खाली नांदायला येण्याचा दावा लावला असेल तरीही हजर व्हावे, कारण तसा हुकूम होऊन वर्षभर संसार सुरू झाला नाही तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. मात्र असा हुकूम झाला एवढ्यावरून पत्नीची पोटगी आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे.

कन्सेंट टर्म्स: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

संमतीच्या घटस्फोटात हुकूमनामा दोन-तीन पानांचा असतो आणि त्याला जोडलेल्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटी, पुढची पंधरा-वीस वर्षे चालवतात. तरीही बहुतेक जोडपी हा मसुदा तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात, टायपिस्टच्या टेबलाशी उभी राहून पहिल्यांदा वाचतात. मसुदा आठवडाभर आधी हातात घ्यावा, घरी शांतपणे वाचावा आणि ज्या वाक्यात तारीख, रक्कम किंवा ठिकाण नाही ते वाक्य अपुरे समजावे.

मुलांच्या भेटीचे कलम उदाहरणादाखल घ्या. 'वडिलांना मुलाच्या सोयीनुसार भेटता येईल' असे वाक्य मसुद्यांत सर्रास आढळते आणि तेवढ्यावरून पुढे अर्जांवर अर्ज होतात, कारण सोय कोणाची आणि ती ठरवायची कोणी हे त्यात नाही. त्याऐवजी असे लिहावे: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा, नेणे-आणणे वडिलांनी, आईच्या इमारतीच्या फाटकापासून, गणपतीचे पहिले दोन दिवस वडिलांच्या घरी, दिवाळीची सुटी निम्मी-निम्मी आणि लक्ष्मीपूजन आलटून पालटून, मे महिन्याच्या सुटीचा पहिला अर्धा भाग एकाकडे, उरलेला दुसऱ्याकडे, मूल आजारी असेल तर चुकलेली भेट लगेच पुढच्या शनिवारी. व्हिडिओ कॉलची वेळ, शाळेच्या पालकसभेला दोघांनी जाणे, पासपोर्टच्या अर्जावर सही देणे आणि परदेशी नेण्यापूर्वी लेखी संमती घेणे हेही त्यातच यावे. हा काथ्याकूट वाटेल, पण भांडण नेमके याच गोष्टींवरून होते.

पैशांचे टप्पेही असेच बांधावेत. अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच ठरवले आहे. त्यामुळे सगळी रक्कम पहिल्या तारखेला देणे पतीला धोक्याचे, आणि एक पैसाही न घेता फौजदारी तक्रार मागे घेणे पत्नीला धोक्याचे. एक हिस्सा पहिल्या अर्जावेळी, दुसरा गुन्हा रद्द होताना आणि उरलेला अंतिम तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने, ही पद्धत रूढ आहे आणि ती योग्यही आहे. रक्कम मिळाल्याची पुरसिस, म्हणजे न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन, त्याच दिवशी दाखल करून घ्यावी.

छळाचा गुन्हा पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम ४९८ अ खाली किंवा आताच्या न्याय संहितेच्या कलम ८५ खाली नोंदला असेल, तर पोलिस ठाण्यात 'तक्रार मागे घेतो' असे लिहून तो संपत नाही. तो महाराष्ट्रात तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही, म्हणून उच्च न्यायालयात अर्ज करून रद्द करून घ्यावा लागतो. त्यासाठी पत्नीने ना-हरकत शपथपत्र द्यावे आणि ठरलेल्या तारखेला हजर राहावे, ही अट नावांसह व प्रकरण क्रमांकांसह टर्म्समध्ये असावी.

पोटगी

घटस्फोटाचा दावा चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि निकालावेळी कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते. ही दोन्ही कलमे कमाई नसलेल्या पतीलाही उपलब्ध आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. घटस्फोट मागायचाच नसेल तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, पत्नी, मुले आणि आई-वडील पोटगी मागू शकतात. घटस्फोटित पत्नीने पुन्हा लग्न केले नसेल तर तिलाही हा हक्क आहे, आणि मुस्लिम घटस्फोटित स्त्रीही या तरतुदीखाली येते असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. हिंसाचार झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करून पोटगी, निवास आणि संरक्षण एकत्र मागता येते.

पत्नीला नेमके किती मिळणार, हा सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न. पगाराचा अमुक टक्के असा नियम कायद्यात कुठेही नाही. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे सविस्तर शपथपत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. शपथपत्र कंटाळवाणे असले तरी सगळा निकाल त्यावर उभा राहतो. पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रे, कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी, आई-वडिलांच्या औषधांचा खर्च हे सर्व कागदांसह लिहावे. शिकलेल्या पत्नीने नोकरी लपवू नये आणि पतीने अर्ज येताच राजीनामा देऊ नये; न्यायालय दोन्ही चाली ओळखते. एका कायद्याखाली मिळालेली रक्कम दुसऱ्या प्रकरणात सांगणे बंधनकारक आहे, त्यामुळे तीन अर्ज केले म्हणून तिप्पट पोटगी मिळत नाही.

मुलांची पोटगी हा मुलांचा हक्क आहे. 'मी स्वतःसाठी काही मागणार नाही' असे आई लिहू शकते, पण मुलाच्या वतीने तो हक्क कायमचा सोडून देण्याचा अधिकार तिला नाही. एकरकमी ठरवताना महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च वेगळा नमूद करावा. सहा वर्षांच्या मुलाच्या आजच्या फीवरून काढलेला आकडा पुढे अगदीच तोकडा पडतो. कलम १४४ खालची थकबाकी वसूल करण्याचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, म्हणून थकबाकी साठू न देता दर काही महिन्यांनी वसुली लावावी.

घर, दागिने आणि मुलांचा ताबा

नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा असतो, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आणि गोव्यात बहुतांशी बरोबर आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे, वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि विभक्त होताना निम्मी-निम्मी होते. महाराष्ट्रात ज्याच्या नावावर घर त्याचे घर, आणि दोघांच्या नावावर असेल तर हिस्सा व कोणी किती पैसे भरले हे पाहिले जाते. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला राहण्याचा हक्क मात्र मालकीपेक्षा वेगळा आहे. घर सासूच्या नावावर असले तरी ते या कायद्यातले 'सामाईक घर', म्हणजे पत्नी पतीसोबत जिथे राहिली ते घर, ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटले आहे, त्यामुळे पत्नीला रातोरात बाहेर काढता येत नाही.

फ्लॅट एकाकडून दुसऱ्याच्या नावावर करायचा ठरले असेल तर वेळ महत्त्वाची. महाराष्ट्रात पती-पत्नीमधील राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. घटस्फोटानंतर ते दोघे कायद्याने पती-पत्नी उरत नाहीत आणि ही सवलत उरत नाही, म्हणून दस्त अंतिम हुकमापूर्वी नोंदवून घ्यावा. गृहकर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी मिळवावी. न्यायालयात तुम्ही काहीही ठरवले तरी सहकर्जदार म्हणून बँक दोघांनाही जबाबदार धरते.

स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, पतीचा त्यावर हक्क नाही. पण 'सर्व दागिने परत' या तीन शब्दांनी काही परत येत नाही. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, ठुशी अशी एकेक वस्तू वजनासह लिहावी, सराफाची पावती किंवा लग्नातला फोटो जोडावा, लॉकर कोणाच्या नावावर आहे ते नोंदवावे आणि ताबा घेताना त्याच यादीवर खुणा करून दोघांनी सह्या कराव्यात.

पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे राहते. त्यापुढे मुलाचे हित हीच कसोटी असते, आई की बाप किंवा कोणाचा पगार मोठा हे त्यातले फक्त काही मुद्दे. मुलाचे म्हणणे न्यायाधीश आपल्या कक्षात ऐकतात. त्याला आधी पढवून आणले तर ते चटकन उघड होते. ताब्याचा हुकूम परिस्थिती बदलल्यास कलम २६ खाली बदलून मागता येतो.

हुकूम झाल्यावर

निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्यावा आणि सही-शिक्क्याच्या तीन-चार प्रती घ्याव्यात. पासपोर्ट, बँक, शाळा आणि पुढचे विवाह नोंदणी कार्यालय, सगळीकडे त्या लागतात. लढवलेल्या दाव्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्न करू नये. हिंदू विवाह कायद्याखाली ती नव्वद दिवसांची आहे. अपील दाखल झाले असेल तर त्याचा निकाल होईपर्यंत थांबावे लागते.

परदेशात राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी तिथल्या न्यायालयाचा घटस्फोट इथेही आपोआप चालेल असे गृहीत धरू नये. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झाले असेल आणि तिथला निकाल या कायद्यात नसलेल्या कारणावर किंवा एकाच्या गैरहजेरीत दिलेला असेल, तर १९९१ च्या नरसिंह राव निकालानुसार भारतात तो सहसा मान्य होत नाही. दोघांनीही तिथे हजर राहून स्वखुशीने संमती दिली असेल तर अडचण कमी होते. भारतात संमतीचा अर्ज करायचा असल्यास व्हिडिओद्वारे हजेरीची परवानगी मागता येते, त्यासाठी दूतावासातून साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र आधीच पाठवून ठेवावे.

शेवटचे काम नामनिर्देशनाचे. भविष्य निर्वाह निधी, विमा, बँकेच्या ठेवी, डीमॅट खाते आणि गृहनिर्माण संस्थेचे भाग-प्रमाणपत्र यांवर लग्नाच्या वेळी लिहिलेले जोडीदाराचे नाव हुकुमाने पुसले जात नाही. प्रत्येक ठिकाणी नवा अर्ज स्वतः भरून द्यावा लागतो आणि त्याची पोच घ्यावी लागते.